मच्छरदाणी घेऊन वाळवंटात

घरातून निघालो तेव्हा माझ्या हातात एक मच्छरदाणी होती. शेजारच्या लेले काकूंनी दिलेली, डबल बेडची, चारी कोपऱ्यांना दोऱ्या. कारण वर्षभर मी अख्ख्या नाशकात सांगत फिरलो होतो, की मी आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाणार. फॉर्म भरला होता, पिवळ्या तापाची लससुद्धा टोचून घेतली होती. मग आई म्हणाली, "फुकट शिकवायला एवढ्या लांब?" आणि बाबांनी मित्राच्या ओळखीतून कतारमधली नोकरी आणून समोर ठेवली. मी हो म्हणालो. लेले काकूंना हे सांगायचं राहूनच गेलं. रिक्षात बसताना त्यांनी मच्छरदाणी हातात कोंबली, "तिकडचे डास फार वाईट हो!" मला त्यांनाही नाही म्हणवेना. बाबा रिक्षाशी वाकून म्हणाले, "परका मुलूख आहे. कुणाला 'नाही' म्हणू नकोस."

आयुष्यात एवढा एकच उपदेश मी तंतोतंत पाळला. त्याचीच ही रड, मागे राहिलेल्या तुमच्यासाठी आणि माझ्यासारखेच 'हो' म्हणत इकडे आलेल्या तुमच्यासाठीही.

तेव्हाचं दोहा म्हणजे वर्ल्ड कपच्या नावाने खणलेला एक भलामोठा खड्डा होता. अल थुमामा भागातल्या माझ्या फ्लॅटमागे स्टेडियम वर येत होतं आणि सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं, तो संध्याकाळी परतायला शिल्लक नसायचा. मोबाइलमधली बाई शांतपणे "उजवीकडे वळा" म्हणायची आणि उजवीकडे क्रेन उभी. मी एका कंत्राटदाराकडे डॉक्युमेंट कंट्रोलर होतो, म्हणजे सतत बदलणारी ड्रॉइंग सांभाळणारा. सातवी रिव्हिजन माझ्या टेबलावर येईपर्यंत सहावीप्रमाणे भिंत उभी राहिलेली असायची. मॅनेजर ओरडायचा, "यल्ला, चला लवकर, आजच पाहिजे!" मी म्हणायचो, "येस सर." नाशकातले लोक फोनवर विचारायचे, "आफ्रिका कशी आहे?" मी म्हणायचो, "गरम."

पण शिकवायची खाज काही जाईना. म्हणून दर शुक्रवारी एशियन टाउनजवळच्या एका लेबर कॅम्पच्या मेसमध्ये मी आपल्या माणसांना इंग्रजी शिकवायला लागलो. सुतार, फिटर, ड्रायव्हर, सगळे माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि सगळे मला 'सर' म्हणणारे. दाराशी जोसेफ नावाचा केनियाचा सिक्युरिटी गार्ड उभा असायचा. त्याला पाहून माझ्यातला स्वयंसेवक जागा झाला. "तूसुद्धा बस, लाजू नकोस," असं मी एकेक शब्द तोडून त्याला इंग्रजीत म्हणालो. तो बसला. तीन शुक्रवार मागच्या बाकावर 'धिस इज अ स्पून' लिहीत राहिला. चौथ्या शुक्रवारी त्याने माझा छापील कागद परत दिला, तेव्हा त्यातल्या माझ्या चुकांभोवती पेन्सिलीने नाजूक गोल केले होते. गावी अकरा वर्षं तो सातवीला इंग्रजीच शिकवत होता.

"आधी का नाही बोललास?"

"सर, तुम्ही फार खुशीत होतात."

वर्गात दत्तूभाऊ होते, साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. उंच बांधकामाभोवती पाइपांची परांची बांधायची हे त्यांचं काम आणि गुडघे पार गेलेले. सुपरवायझरची जागा निघाली होती. जमिनीवर उभं राहून इतरांचं काम बघायचं, पण तोंडी परीक्षा इंग्रजीत. "सर, ही जागा गावली तर टिकतो," ते म्हणाले. "न्हाय तर एक दिस गुडघं कुणाच्या तरी ध्यानात येत्याल अन् धाडत्याल घरी. लेकीचं नर्सिंग अजून दोन वर्सं हाय."

मी महिनाभर त्यांना तयार केलं. विनम्र इंग्रजी, जे मला उत्तम येतं. येस सर. शुअर सर. राइट अवे सर.

परीक्षकाने विचारलं, वारा सुटलाय आणि मॅनेजर म्हणतो काम आजच संपवा, माणसं वर चढवा, तर काय करशील? दत्तूभाऊ ताठ उभे राहून म्हणाले, "येस सर. राइट अवे सर."

नापास. महिन्याने परत या.

"सर, तुमी शिकिवल्यालं एकबी चुकलो न्हाय," ते मला सांगत होते. आवाजात तक्रार नव्हती, हीच पंचाईत. दोन शिव्या घातल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

मी खडू जोसेफच्या हातात दिला. त्याने फळ्यावर दोनच इंग्रजी अक्षरं लिहिली. नो. मला हेल्मेट घालून मॅनेजर केलं आणि सांगितलं, ह्यांना हुकूम सोडा. मी एकावर एक ठेवलेल्या दोन टेबलांकडे बोट दाखवलं. "दत्तूभाऊ, क्लाइंब! वारा असू दे, बेल्ट नको, वेळ नाही!" दत्तूभाऊ चपला काढून चढायला लागले. दुसऱ्या शुक्रवारी तेच. "सर, तुमी गुर्जी. तुमाला न्हाय कसं म्हनू?"

"मग बायकोला म्हणता ना?"

"तिला? तुमी तिला बगितलं न्हाय."

मेस हसली. तिसऱ्या शुक्रवारी एसी बंद पडलेला, परीक्षा चार दिवसांवर, माझा सदरा पाठीला चिकटलेला आणि हे परत चपला काढायला वाकलेले. माझा तोल गेला. नाटक संपलं आणि मी खरोखर, हुबेहूब माझ्या मॅनेजरसारखा किंचाळलो, "क्लाइंब, आय से! यल्ला!"

दत्तूभाऊंनी पाय चपलेत परत घातला. माझ्या डोळ्यांत बघितलं. "नो सर. विंड इज देअर. माय मॅन विल फॉल. नो."

मग हळूच, "सर, रागावला तर न्हाय न्हवं?"

चार दिवसांनी ते पास झाले. परीक्षकाने मुद्दाम दोनदा दटावलं, हे दोन्ही वेळा नाही म्हणाले. संध्याकाळी मेसमध्ये शिरा झाला. मी एकटाच घास घेऊन बसून राहिलो. तिशी उलटली होती माझी. बेचाळीस डिग्रीत पन्नाशीच्या माणसाला जे जमलं, ते मला नाशकातल्या दिवाणखान्यात पंख्याखाली जमलं नव्हतं.

जोसेफ करार संपवून गावी परतला, पुन्हा सातवीला शिकवायला लागला. तिकडून एका शुक्रवारी त्याचा निरोप आला: दिवाळीच्या रजेत ये, तीन आठवडे शिकव, ह्या वेळी तू पुढे उभा राहा, मी मागे बसतो. आणि त्याच शुक्रवारी आईचा फोन. "दिवाळीला येतोयस ना?"

इथून घर म्हणजे मला कायम तो एकच प्रश्न वाटायचा, ज्याला एकच उत्तर असतं. दुसरं दिलं तर दार बंद होईल अशी आपली माझी समजूत. मी पाय चपलेत घट्ट रोवले.

"नाही, आई. ह्या दिवाळीला आफ्रिकेला जातोय. शिकवायला. फुकट."

मग आई म्हणाली, "लेले काकूंची मच्छरदाणी आहे ना रे तुझ्याकडे?"

आणि मागून बाबांचा आवाज, "दोऱ्या नीट बांध म्हणावं. चारी."