घागर भरण्याआधी

वर्ध्याकडच्या उन्हाळ्याचा विषय निघाला, की बाहेरगावचे लोक मला हमखास ऐकवतात, "तुम्हाला काय, सवय असेल." सवय कसली डोंबलाची! उन्हाची सवय कोणालाच होत नाही, फक्त तक्रार करायचा कंटाळा येतो. त्यातून त्या वर्षी मला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, दोन डॉक्टर आणि गिरडच्या टेकडीवरचा नवस झाल्यावर कुठे पाळणा हलायची आशा दिसली होती, आणि सातवा महिना आला तो नेमका एप्रिलात.

आम्ही हिंगणघाटला राहतो. मी शाळेत शिकवते. एप्रिलात शाळा सकाळची असते, पण सुटेपर्यंत ऊन डोक्यावर येतंच. डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, पर्समध्ये कांदा टाकायचा, ऑटोत बसायचं आणि घरी आलं की कूलरसमोर फतकल मारायची. नवरा गिरणीत कामाला, तो संध्याकाळी उगवायचा. दुपारभर घरात मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते.

आई तशा जीव लावणाऱ्या. कूलरमध्ये पाणी त्याच भरायच्या, मला बादलीला हात लावू देत नसत. माझ्या पायांवर सूज दिसली की न बोलता पाट पुढे सरकवायच्या. पण माठाच्या बाबतीत त्या अगदी हेकट. फ्रीजच्या पाण्यानं माझा घसा धरला होता, म्हणून ते बंद. जुना माठ पाझरेनासा झाला होता, त्यातलं पाणी आंघोळीला चाललं असतं. आणि नवा माठ? तो होळीनंतरच आणलेला, पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोत्याखाली पालथा पडलेला. आमच्याकडे अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात. घरातून गेलेल्यांना आधी गार पाणी, आंब्याचा रस, चिंच-गुळाची चिंचोणी. ते झालं, की मग जिवंत माणसांनी नव्या माठाला हात लावायचा.

"आई, पितर माझ्यापेक्षा जास्त तहानलेले आहेत का?" मी एकदा विचारलंच.

"तोंड सांभाळून बोलजो," त्या म्हणाल्या. "थोडेच दिवस राह्यले. घागर भरू दे, मंग पेजो पाह्यजे तेवढं."

गंमत म्हणजे दरवर्षी घागर भरून झाल्यावरही त्या स्वतः माठाचं पाणी पीत नसत. गच्चीवरच्या टाकीतलं तापलेलं पाणी लोट्यात घ्यायच्या आणि घटाघटा प्यायच्या. "तुमच्या पोटात इंजिन आहे का हो?" मी चिडवायची. त्या हसायच्या. मला वाटायचं, असते एकेकाची खोड.

मला मात्र ते कोमट पाणी उतरेना. दोन घोट घेतले की मळमळायचं. शाळेतल्या संडासाची तर बोलायची सोय नाही, त्यामुळे सकाळीही मी घोटभरावरच भागवायची. असे दिवस ढकलत होते.

एक दिवस शाळेतून आले ती डोकं ठणकतच. लघवी हळदीसारखी पिवळी. जेवण गेलं नाही. कूलरसमोर आडवी झाले, तर पोट दगडासारखं कडक व्हायचं, सैल पडायचं, पुन्हा कडक. तेही मी सोसलं असतं. पण बाळ हलेना. एरवी मी पडायचा अवकाश, की आत धिंगाणा सुरू व्हायचा. मी कूस बदलली, पोटावर थोपटलं, लाडानं हाक मारली. काही नाही.

"आई!" मी ओरडले. "बाळ हलत नाहीये!"

आईंच्या हातातलं ताट खाली पडलं. चपला न घालताच त्या रस्त्यावर धावल्या आणि ऑटो घेऊन आल्या. वाटभर ओल्या पंच्यानं माझी मान पुसत होत्या आणि एकच विचारत होत्या, "पेली का तू? खरं सांग, पेली का त्या माठात भरून?"

माझा संताप संताप झाला. इथे माझं लेकरू राहतं की जातं, आणि या बाईला माठाची पडली आहे! "नाही प्यायले! हातसुद्धा नाही लावला तुमच्या माठाला!" मी खेकसले. ऑटोवाल्यानंही वळून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मला डाव्या कुशीवर निजवलं, सलाईन लावलं आणि पोटावर यंत्र ठेवलं. आधी नुसती खरखर. मग टपटप टपटप ठोके ऐकू आले आणि मी हमसून हमसून रडले.

"ठोके चांगले आहेत," बाई म्हणाल्या. "पण तुझ्या अंगात पाणीच नाही, म्हणून पोट कडक होतंय. हे थांबलं नाही तर सेवाग्रामला पाठवावं लागेल."

बाटली अर्धी संपली तेव्हा पोट सैल पडलं. थोड्या वेळानं बरगडीखाली अशी सणसणीत लाथ बसली, की मी "आई गं!" म्हणून कळवळले आणि कळवळता कळवळता हसले.

मग बाईंनी माझी हजेरी घेतली. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं, लिंबू-मीठ-साखर घालून प्यायचं, ताक घ्यायचं, शाळेतून सरळ रजा काढायची. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरी वाट पाहत बसायचं नाही. "पाणी का पीत नव्हतीस?"

"गरम पाणी जात नाही मला," मी म्हटलं. "आणि माठाचं आमच्या घरात चालत नाही." आईंना चार शब्द ऐकवले जावेत, असं मला मनापासून वाटत होतं.

आई पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "बाई, घागर भरायच्या आधी नव्या माठातलं पाणी पेलं, तर पोटातलं लेकरू जाते का?"

"कोण म्हणतं असं?"

"माह्यी सासू म्हणे. मी बी अशीच होती. सातवा महिना. लय तहान लागे. म्या चोरून पेलं नव्या माठातलं. अन् थोड्याच दिवसात पोट पडलं. पोरगी होती. सासू म्हणे, पितरांच्या आधी पेली, म्हणून पितरांनी नेली."

माझा नवरा त्यानंतरचा. त्यालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या अंगातला सगळा राग कुठल्या कुठे गेला.

बाईंनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं. "तेव्हा काय झालं होतं, ते आज मी सांगू शकत नाही. पण पाणी प्यायल्यानं तुमची मुलगी गेली नाही. हवं तर लिहून देते."

"लिहून नका देऊ," आई म्हणाल्या. "फक्त आणखी एकदा सांगा."

बाईंनी पुन्हा सांगितलं.

संध्याकाळी घरी आलो. आईंनी पोतं बाजूला केलं, नवा माठ धुतला, भरला आणि ओलं फडकं गुंडाळून खिडकीजवळच्या तिवईवर ठेवला.

"आई, अजून घागर भरायची आहे," मी म्हटलं. मला त्यांचीच काळजी वाटत होती.

"पितर का परके हायेत? त्यांच्याच घरचं लेकरू हाय. थांबतीन थोडंसं."

सकाळी त्यांनी मला पेला भरून दिला. ओल्या मातीचा वास, आणि काय ते गार पाणी! "हळू पे व, ठसका लागीन," असं त्या म्हणेपर्यंत माझा पेला रिकामा. त्यांनी तो पुन्हा भरला. मी हात पुढे केला, पण त्यांनी दिला नाही. हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. मग डोळे मिटून त्यांनी एक घोट घेतला.

"इतकं गार राह्यते व हे?" त्यांनी मला विचारलं.

त्यांचं पिऊन झालं, तेव्हा मी पेला त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा भरून दिला.