मागच्या कोपऱ्याचा कागद

आत्याने स्पॉन्सर केलं आणि आम्ही अमेरिकेत आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबा सातवी पास, आई दहावी नापास. न्यू जर्सीत आम्ही तिघं एका बेसमेंटमध्ये राहायचो. हिवाळ्यात भिंतींना ओल यायची, म्हणून आई गाद्या खोलीच्या मधोमध घालायची. बाबा गोदामात खोकी उचलायचे. तिसऱ्या वर्षी त्यांची पाठ गेली आणि घर आईच्या शिलाई मशीनवर आलं.

ते मशीन आयसेलिनला, एका साडीच्या दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात होतं. मालक नागपूरचे, सगळ्यांचेच काका; आई मात्र त्यांना भाऊ म्हणायची. साडी घेतली की बाई तिथेच आईकडे फॉल आणि ब्लाउज टाकून जायची. काका कोपऱ्याचं भाडं घेत नसत. बेसमेंटमध्ये गिऱ्हाईक आणायला घरमालकाची मनाई होती. म्हणजे कोपरा गेला, तर आमची चूल आणि माझं कॉलेज दोन्ही गेलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना काकांनी ठरवलं, दुकान पुतण्याला देऊन आपण टेक्ससमधल्या फ्रिस्कोला मुलाकडे जायचं. आईला त्यांनी दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिलं: इतकी वर्षं तुम्ही दुकानाला मदत केलीत, म्हणून हा कोपरा पुढची दहा वर्षं तुमचा. आईने कागद देवापुढे ठेवला.

त्याच सेमिस्टरला मी बिझनेस लॉ घेतला होता. एका वर्गात ‘कन्सिडरेशन’ आलं, आपल्याकडे ज्याला प्रतिफल म्हणतात ते. इंग्लंडच्या जुन्या कोर्टांतून आलेला नियम. नुसत्या शब्दावर कोर्टात जाता येत नाही; शब्दाच्या बदल्यात समोरच्याने काहीतरी मागितलेलं हवं आणि आपण ते दिलेलं हवं. किती दिलं हे कोर्ट तोलत नाही, मिरीचा एक दाणाही चालतो. पण आधीच करून झालेलं काम बदल्यात धरत नाहीत.

मी हात वर केला. “जुन्या मदतीसाठी कोणी वचन दिलं तर?”

“मन मोठं आहे त्या माणसाचं,” प्रोफेसर म्हणाल्या. “पण कोर्टात बहुधा टिकणार नाही.”

बस पकडून मी थेट दुकानात गेले आणि काकांना सगळं सांगितलं. आई मशीन थांबवून माझ्याकडे बघतच राहिली.

“लाज नाही वाटत? भाऊंच्या शब्दावर संशय घेतेस?”

“काकांवर नाही गं. उद्या पुतण्या म्हणाला, काकांनी दिलं होतं, मी नाही, तर?”

काका हसले. “बोलू द्या वहिनी, फी भरून शिकतेय ती. काय मागू मग मी? मिरी?”

“काहीही चालेल काका. दिवाळीला एक डबा चकल्या लिहा.”

मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. आईचा चेहरा मात्र उतरला. “फराळ मी भाऊंना दर वर्षी देते, आपलं माणूस म्हणून. तो काय भाड्यात घालायचा? जे मी तसंही देणारच, त्याचा सौदा कसला?”

पुस्तकातलं मला पाठ होतं. माणसात काय मागायचं आणि काय नाही, ते आईला कळत होतं.

मग तीच म्हणाली, “मंगळवारी दुकान बंद असतं, पण पार्सलवाला येतो आणि माल परत नेतो. मी मंगळवारी येऊन माल उतरवून घेईन. हे लिहा.”

“वहिनी, वकील तुम्हीच व्हायला हवं होतं,” काका म्हणाले. त्यांनी नवा कागद केला आणि पुतण्यालाही सही करायला लावली. आईने इंग्रजीत सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं.

काका फ्रिस्कोला गेल्यावर दोन वर्षांनी पुतण्याला त्या कोपऱ्यात इमिटेशन ज्वेलरीचं काउंटर टाकायचं होतं. मुलगा वाईट नव्हता, दुकानाचं भाडं वाढलं होतं. तो कागद घेऊन वकिलाकडे गेला आणि परत येऊन आईला म्हणाला, “मावशी, तुम्ही राहा. वकील म्हणतो, ॲग्रीमेंट पक्कं आहे.” काउंटर त्याने पुढे, खिडकीपाशी लावलं.

काकांना कागद बदलायची काही गरज नव्हती. कॉलेजच्या पोरीने शंका काढली म्हणून त्यांना राग येऊ शकला असता, आणि आईला तर आलाच होता. तरी दोघांनी माझं ऐकून घेतलं. त्याबद्दल मी त्यांचे आभार कधी नीट मानले नाहीत, ते इथे मानते.

आईचं मशीन त्या कोपऱ्यात पूर्ण दहा वर्षं चाललं. तिच्या शिलाईवर मी पदवी घेतली. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.