जाळीवरची पट्टी

गल्लीत त्याला सगळे गारेगार म्हणत. अठ्ठावीस वर्षं फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? स्वभावाने मात्र तो जराही थंड नव्हता. एका जागी बसणं त्याला माहीतच नव्हतं. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, आणि बायकोशी भांडायचा तो तीन खोल्यांतून फिरत, त्यामुळे निम्मं भांडण तिला ऐकूच जायचं नाही. दिसेल त्या वस्तूला हाताची मागची बाजू लावून पाहायची त्याला खोड होती. टीव्ही, इस्त्री, झोपलेल्या लेकीचं कपाळ, काही म्हणजे काही सुटायचं नाही.

दुसरी खोड फटी बुजवण्याची. फ्रीजच्या दाराला केसाएवढी फट राहिली तरी आतला गारवा पळतो, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की घरातल्या प्रत्येक खिडकीला, दाराला त्याने फोमची काळी पट्टी चिकटवली होती. बायको म्हणायची, या घरात झुरळाला यायचं असेल तर बेल वाजवावी लागेल.

एकुलती एक लेक, बावीस वर्षांची, कॉम्प्युटरवर खेळायची. पोरं फावल्या वेळात खेळतात तसं नव्हे. इतकं चांगलं खेळायची की दूरच्या शहरातल्या एका संघाने तिला बोलावलं होतं. आधी आठवडाभर त्यांच्या वसतिगृहात राहून सराव, मग शनिवारी सकाळी अकरा वाजता निवड. सलग चार तास खेळायचं, आपापल्या खोलीत, आपापल्या मशीनवर. मशीन अडखळलं तर कारण कुणी ऐकणार नव्हतं. निवड झाली तर वर्षभराची पगारी जागा, नाही तर परत घरी. मामाने आपल्या ऑफिसात तिच्यासाठी टेबल पुसून ठेवलंच होतं.

बसने न्यायचं म्हणून मशीन छोटं हवं होतं, बुटाच्या खोक्याएवढं. एवढ्याशा डबीत एवढी आग कोंडायची म्हटल्यावर गारेगारचे डोळे चमकले. हे तर आपलंच काम, असं म्हणून त्याने जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं आणि पंधरा दिवस घरातली तिघं मांडीवर ताट घेऊन जेवली.

सुट्या भागांवरून बापलेकीचं चांगलंच वाजलं. तिला सगळ्यात वेगवान प्रोसेसर हवा होता. त्याने दोन प्रोसेसरांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि दाखवून दिलं, की हा दुप्पट वीज खातो आणि खेळात फरक पडतो जेमतेम. जेवढी वीज खाईल तेवढी उष्णता ओकेल, आणि ती जाणार कुठे, याच डबीत. तिने ते मुकाट्याने मान्य केलं. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत मात्र ती हटली नाही, कारण खेळ त्याच्यावरच चालतो. त्याने कार्ड चार वेळा मोजलं. डबीत ते बसलं, तेही दोन मिलिमीटर राखून. प्रोसेसरवरच्या कूलरला उंची मिळाली साडेचार सेंटिमीटर. त्याचा पंखा थेट बाजूच्या जाळीकडे तोंड करून होता.

पहिल्या चाचणीत अर्ध्या तासात प्रोसेसर एकोणनव्वद अंशांवर गेला. पंचाण्णव झाले की मशीन जीव वाचवायला आपणहून मंद होतं, आणि मंद झालं की खेळ अडखळतो. गारेगार टेबलाभोवती घिरट्या घालू लागला. मग त्याने फोमची पट्टी काढली आणि पंखा व जाळी यांच्यातली फट गोल बुजवून टाकली, म्हणजे पंखा आतली तापलेली हवा न ओढता बाहेरची ताजी हवा ओढेल. तापमान ब्याऐंशीवर आलं. तो शिवणयंत्रावर बसलेल्या बायकोला हाताला धरून आकडा दाखवायला घेऊन आला. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, मग आता टेबल मिळेल का? त्यानंतर लेकीने प्रोसेसरचं व्होल्टेज जरासं उतरवलं आणि काटा सत्याहत्तरवर स्थिरावला. त्या पंधरा दिवसांत तो जितका सुखी होता तितका गेल्या कित्येक वर्षांत नव्हता. लेक शेजारी होती, ऐकत होती, भांडत होती, आणि पुढच्या आठवड्यात जाणार होती. तेवढा शेवटचा भाग तो मनात येऊ देत नव्हता.

निघायच्या सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा त्याने चालू मशीनवर हात फिरवला. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडत होती, त्यातली थोडी वळून बाजूने परत आत जाते आहे असं हाताला वाटलं. शिवाय वरून धूळ पडणार. एका पट्टीने सात अंश उतरले होते, अजून दोन पट्ट्यांनी काय होईल, या विचाराने हात शिवशिवले. मशीन बंद करून झाकण उघडलं आणि वरच्या जाळीला आतून, दोन्ही बाजूंनी रुंद पट्ट्या ठोकून दिल्या. निम्म्याहून जास्त जाळी झाकली गेली. दुरुस्त केलेला फ्रीज तो आत थर्मामीटर ठेवून दिवसभर चालवल्याशिवाय कधी परत देत नसे. पण खाली गाडी हॉर्न वाजवत होती. मशीन कपड्यांत गुंडाळलं, उरलेला फोमचा रोलही असू दे म्हणून पिशवीत टाकला, आणि लेक गेली.

आठवडाभर त्याचा पाय घरात ठरला नाही. ती फोनवर म्हणायची, खेळ मधूनच अडकतो, मशीनही जरा जास्त तापतंय. तो ठासून सांगायचा, तिथलं इंटरनेट भिकार असणार, मशीन मी तपासून दिलंय. असं सांगून फोन ठेवला की गॅलरीत फेऱ्या मारायचा.

शनिवारी सकाळी नऊला तो एका निवृत्त बाईंकडे गेला. फ्रीज थंड करत नाही अशी तक्रार होती. स्वयंपाकघरात नवीन कपाट आलं होतं आणि त्यासाठी फ्रीज भिंतीला अगदी चिकटवून टाकला होता. मागच्या नळ्यांना हात लावायची सोय नव्हती. गारेगार नेहमीसारखा तडकला.

"बाई, मागे वीतभर जागा नको का? आतली उष्णता बाहेर फेकतो तेव्हा आत गार राहतं. ही गरम हवा जायची कुठून?"

एवढं बोलला आणि गप्प झाला. बाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का? त्याने फ्रीज पुढे ओढला, हत्यारांची पिशवी तिथेच विसरला आणि जिना उतरू लागला.

गरम हवा जायची कुठून? वरून. आणि वर त्याने पट्टी मारली होती.

दोन मजले उतरून तो थांबला. साडेनऊ झाले होते. तिथे उभं असताना त्याच्या मनात आलं, नाही सांगितलं तर? मशीन तासाभरात गुदमरेल, संघवाले नाही म्हणतील, सोमवारी लेक घरी. मामाचं ऑफिस दहा मिनिटांवर. संध्याकाळी टेबलावर तीन ताटं. कुणाला काही कळणार नाही, इंटरनेटचं नाव होईल. हा विचार दुसऱ्या कुणी त्याच्या डोक्यात घातला नव्हता, त्याचाच होता, आणि अगदी स्वच्छ, पूर्ण वाक्यांत आला होता. त्याला स्वतःची शिसारी आली. तो पिशवी आणायला एक मजला वर चढला, परत खाली आला, आणि मधल्याच पायरीवर उभं राहून त्याने फोन लावला.

"मशीन उघड. आत्ता."

"बाबा, दीड तास राहिलाय. आता स्क्रू काढायला लावू नका."

"वरच्या जाळीला आतून पट्ट्या मारल्यात मी. तू अंघोळीला गेली होतीस तेव्हा. तपासून पाहिलं नाही."



"म्हणजे इंटरनेट नव्हतं."

"नव्हतं. माझी चूक आहे."

हे वाक्य तिने त्याच्या तोंडून याआधी ऐकलं नव्हतं. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. चार स्क्रू एकेक करून बशीत पडले. पट्टी निघाल्याची चरचर झाली, मग दुसरी. मशीन सुरू झालं, खेळ लागला. अर्धा तास तो जिन्यात खालीवर करत राहिला आणि ती मधूनमधून आकडे सांगत राहिली. शहाऐंशीवर गेलं. ब्याऐंशीवर आलं. ब्याऐंशीलाच अडून बसलं.

"खोली बंद आहे का?" त्याने विचारलं. "बंद खोलीत मशीन आपलीच गरम हवा परत ओढतं. खिडकी उघड."

"उघडत नाही ती."

"का?"

"आल्या दिवशीच फटी बुजवल्या मी. तुम्ही रोल दिला होतात ना."

त्याने कठड्याला हात टेकला. त्याला हसू आलं. फोम किती चिवट असतो हे त्याला चांगलं माहीत होतं.

"काढून टाक," तो म्हणाला. "सगळी काढ."

बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग खिडकी उघडली, कारण फोनमध्ये एकदम रस्ता ऐकू येऊ लागला, गाड्या, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. थोड्या वेळाने ती म्हणाली, सत्याहत्तर. मग म्हणाली, "ठेवते बाबा, सुरू करतायत," आणि फोन बंद झाला.

दुपारचं जेवण त्याने उभ्यानेच केलं. अकरापासून तीनपर्यंत तो घरात किती चालला असेल ते त्याच्या पायांनाच ठाऊक. बायकोने एकदाही, जरा बसा हो, म्हटलं नाही. तीही शिवणयंत्रासमोर नुसतीच बसली होती, पायाखालचं पेडल न हलवता.

सव्वातीनला निरोप आला, एकच शब्द. घेतलं.

बायकोने डोळे पुसले, देवाचं नाव घेतलं, मग विचारलं, "अहो, पण मग आता ती घरी कधी येणार?"

"वर्षभराने," तो म्हणाला.

आणि जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढून तो बसला. बायकोने चहा आणून ठेवला, तो निवला, तिने दुसरा आणला. अंधारून येईपर्यंत तो तिथून उठला नाही.