न घ्यायचं नाव

भीमपूरकडच्या त्या गावात भगवंतरावांचं एका जागी न बसणं आता कुणाला नवीन राहिलं नव्हतं. वांग्याच्या दोन ओळी खुरपल्या की ते उठायचे, बांधापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. अंगात सदरा नाही, तो उजव्या खांद्यावर टाकलेला. डाव्या कुशीला कापड नुसतं टेकलं तरी कातडीवर विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. माणूस मुळात चिडका नव्हता, पण या आगीने त्याला चिडका करून सोडलं.

खरी गोष्ट भगवंतराव आणि मथुराबाई या नवरा-बायको दोघांनाच ठाऊक होती. दीडएक वर्षापूर्वी त्याच कुशीवर नागीण उठली होती. शेजारच्या गावच्या चंपतरावांनी गेरूची रेघ ओढून, मंत्र म्हणून ती उतरवली. फोड वाळले, खपल्या पडल्या. पथ्य एकच: तिचं नाव पुन्हा तोंडात आणायचं नाही. आणलं की ती परत येते आणि या खेपेला विळखा पुरा करते. विळखा पुरा झाला की माणूस संपला, यात कुणाला शंका! म्हणून आदिलाबादला नोकरी करणाऱ्या विनयला, पोटच्या पोरालाही, ‘अंगावर उष्णता आली’ एवढंच कळवलं.

मग डॉक्टर सुरू झाले. कुणी गॅस म्हणालं, कुणी ईसीजी काढला, कुणी पोटाची सोनोग्राफी केली. आधी इथं काही झालं होतं का, हे बहुतेकांनी विचारलं आणि भगवंतरावांनी प्रत्येकाला ठासून ‘नाही’ सांगितलं. असा पेशंट पुढ्यात बसल्यावर डॉक्टरने तरी काय करावं?

जीव तुटायचा तो नातीसाठी. पूर्वी स्वरा रविवारी गावी आली की धावत येऊन कुशीत शिरायची. आता तिची आई चैत्राली तिला दारातच बजावायची, आबांना हात लावायचा नाही. पोर शहाणी, लांब उभी राहून शाळेतल्या गमती सांगायची. भगवंतरावांना ते बघवत नसे आणि तिला जवळही घेववत नसे.

शेवटी चैत्रालीच सासू-सासऱ्यांना आदिलाबादच्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई तेलुगू बोलणाऱ्या; चैत्राली तेलुगू शाळेत शिकलेली, तीच इकडचं तिकडे सांगत होती. या जागी कधी पाण्याचे फोड आले होते का, असं बाईंनी विचारलं. भगवंतरावांनी नाही म्हणून मान हलवली. मथुराबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. बाईंनी तेच पुन्हा विचारल्यावर मात्र ते उठले आणि बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले.

बाहेरच्या बाकावर, सोबत आलेल्या विनयजवळ स्वरा पेंगत होती. तिने डोळे उघडले, समोर आबा दिसले आणि झोपेच्या भरात सगळं विसरून ती थेट त्यांच्या डाव्या कुशीला बिलगली. त्यांनी तिला ढकललं. विचार करायला वेळच नव्हता, हात आपोआप गेला. पोर बाकावर आपटली, ओठातून रक्त आलं. विनय तिला उचलायला धावला. ती रडलीसुद्धा नाही.

“चुकून लागला माहा हात, आबा,” ती म्हणाली.

भगवंतराव तसेच आत शिरले. त्यांचा चेहरा पाहून ते आता नाव घेणार हे मथुराबाईंनी ओळखलं आणि त्या पुढे झाल्या. “तुमी गप ऱ्हा. मी सांगतो. नाव मी घेतलं तं ते माह्यावर येईन.”

“तुह्यावर काऊन?” त्यांनी बायकोला मागे सारलं आणि सुनेकडे पाहिलं. “नागीण झालती मले. सांग त्यायले.”

बाईंनी ऐकलं आणि पहिल्यांदाच पेन उचललं. नागीण केव्हाच गेली, जाताना तिने नसा दुखावून ठेवल्या, त्या ठणकताहेत, असं बाईंचं म्हणणं चैत्रालीने सासऱ्यांना समजावलं. गोळी रोज घ्यायची, दुखलं तरच असं नाही. ती परत येईल का, हे विचारायचा भगवंतरावांना धीर झाला नाही. पुढे कित्येक सकाळी मथुराबाई त्यांची पाठ-पोट न्याहाळत होत्या. काही उठलं नाही. आग मात्र हळूहळू उतरत गेली. सगळी नाही, पण सुती बंडी अंगावर राहू लागली.

त्यानंतरच्या एका रविवारी स्वरा अंगणात आली आणि नेहमीसारखी लांबच थांबली. भगवंतराव खाटेवर बसून होते, बराच वेळ बसून होते. त्यांनी हात पुढे केले.

“आबा, दुखन ना?”

“दुखन थोडंसं. तरी ये.”

ती आली, पण जपून, वळसा घालून उजव्या बाजूने. त्यांनी तिला उचललं आणि डावीकडे घेतलं.