लेकीने वर्गात सांगितलेली पाणबुडी

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या शाळेत प्रत्येक मुलाला कधीतरी वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागायचं. बाकीच्या मुली ससे, घोडे घेत. आमच्या लेकीने, बाईसाहेबांनी, घेतली जर्मन पाणबुडी.

कारण पुण्याहून माझे सासरे आले होते. त्यांचे वडील बोटीवर खलाशी. दुसऱ्या महायुद्धात ती बोट एका जर्मन पाणबुडीने त्यांच्यासकट बुडवली, तेव्हा सासरे आईच्या पोटात होते. ती पाणबुडी नेमकी कुठली, हे नातीने शोधून काढलं. सासऱ्यांनी तिच्याकडे एकच मागितलं.

"माझ्या वडिलांचं नाव घे, बाळ. पूर्ण घे. आजवर चारचौघांत कुणी घेतलेलं नाही."

मान तर डोलावली तिने, पण मला खात्री नव्हती. आमच्या लांबलचक आडनावाला वर्ग हसायचा, म्हणून ती स्वतःचंही पूर्ण सांगत नसे.

भाषण मात्र काय दणदणीत केलं! पाणबुडी कुठे बांधली, पहिल्या फेऱ्यांत कशी गाजली, पणजोबांची बोट तिने कशी फोडली, आणि पुढच्याच फेरीत विमानाने गाठून तिलाच कसं बुडवलं. आतला एकही माणूस वर आला नाही. माझा ऊर भरून आला. पण नाव काही आलं नाही. डच न कळणारे सासरे मागच्या बाकावर तेवढ्या एका नावासाठी कान देऊन बसलेले, आणि ती खाली बसलीसुद्धा. अस्सा राग आला मला!

मी लाडूंचा डबा उघडला. लेकीचं पहिलं भाषण, तोंड गोड नको? इथे वर्गात खाऊ वाढदिवसालाच वाटतात, हे माझ्या गावीही नव्हतं. बाईंनी हसून विचारलं, वाढदिवस कुणाचा?

लेक लालबुंद झाली. आजोबांकडे पाहिलं, उठली, आणि खणखणीत आवाजात पणजोबांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

कुणी हसलं नाही. सगळा वर्ग वाढदिवसाचं गाणं म्हणू लागला. पोरं काय गातायत, असं सासऱ्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. ते टोपी काढून ताठ उभे राहिले, गाणं संपेपर्यंत.

"त्यांचा वाढदिवस घरात कुणालाच ठाऊक नव्हता," ते म्हणाले. "आता आहे."