हंबीररावाचा नवरीसारखा हात

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढताना हंबीरराव एक गोष्ट रोज सांगायचा. आपली चंद्री म्हैस आपल्या हाताशिवाय कुणाला पान्हा घालत नाही. धारोष्ण दुधाचा ग्लास पाहिजे तर गिऱ्हाइकाला हे ऐकून घ्यावंच लागे.

त्याच हाताला इसब झाला. बोटं खाजायची, चिघळायची. औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक ट्यूब दिली आणि आठवड्यात हात लोण्यासारखा झाला. मग डॉक्टरचं कशाला तोंड बघायचं? धारेला बसताना बोटाला तेल लावायचं, त्याऐवजी हंबीरराव ट्यूबच चोळू लागला. दोन्ही वेळा, वर्षानुवर्षं. वर हात पुढं करून विचारायचा, "बघा पावणं, नवरीचा वाटतोय का न्हाय?"

नवरीचा हात पुढं कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला. दाव्याचा हिसका बसला की सालटं निघायचं, जांभळे डाग उठायचे. एक दिवस मलम चुकलं तर आग आग. शेवटी एका गिऱ्हाइकाच्या ग्लासात रक्ताचा थेंब पडला. पावणं ग्लास तसाच ठेवून गेलं आणि हंबीरराव कातडीच्या डॉक्टरांचा जिना चढला.

डॉक्टर सावकाश, पुस्तकातल्यासारखं बोलायचे. या मलमात स्टिरॉइड असतं, ते थोडे दिवस, थोडंच लावायचं. फार चोळलं की कातडी विरते, एकदम सोडलं की इसब उसळतो. तेव्हा आता बेताबेतानं कमी करू, तोवर धार काढणं बंद. मग चष्मा वर करून म्हणाले, "म्हणजे म्हशीलाही लागत होतं?"

"व्हय की. पर तिची कास झ्याक हाय. तिनं कवा सोताच्या मनानं औषध घेतलं न्हाय."

हसला खरा, पण जिना उतरताना हिशेब करू लागला. चंद्री आटली तर खायचं काय? संध्याकाळी बायको बनाबाई धारेला बसली. लाथ बसणार म्हणून हा म्हशीच्या तोंडाशी उभा राहून तिची समजूत घालू लागला. तेवढ्यात दुधाच्या धारांनी बादली वाजायला लागली.

"भाषान झालं असंल तर सरा की बाजूला," बनाबाई म्हणाली.

हे सगळं हंबीरराव कट्ट्यावर स्वतःच सोंगासकट सांगायचा. कित्येक महिन्यांनी कातडीनं जीव धरला, डॉक्टरांनी मोकळीक दिली, तसा तो ऐटीत कासेपाशी बसला. चंद्रीनं मान वळवून बघितलं आणि दूध चोरलं. थेंब नाही. गिऱ्हाईक ग्लास धरून ताटकळलं.

हंबीरराव धोतर झटकत उठला. "थांबा पावणं. मालकीण येतीया."