फाईल उपडी ठेवणारा कारकून

नवरा नोकरीत असतानाच वारला. त्याच्या पेन्शनसाठी मी वालावलहून एसटीने कार्यालयात खेपा घालू लागले. फोंडाघाटच्या एका बाईनेही त्याची बायको म्हणून अर्ज केला होता. तिथला कारकून मला पाहिलं की फाईल उपडी ठेवायचा, चष्मा पुसत बसायचा आणि छापील मराठीत म्हणायचा, "प्रकरण विचाराधीन आहे." तिच्याशी मात्र मालवणीत हळू आवाजात बोलायचा. त्याने तिच्याकडून पैसे खाल्लेत, अशी माझी खात्रीच झाली.

परवा मी त्याला तोंडावर तसं म्हटलं. तो चिडला नाही.

"वयनी, तिचो लग्नाचो दाखलो तुमच्या लग्नाच्या आधीचो आसा. तुमका कसा सांगूचा, ताच माका कळत नाय होता."

"खोटा असेल. दाखवा."

त्याने कागद पुढे सरकवला. सही माझ्या नवऱ्याचीच होती.